तापाचा दाह मेंदूपर्यंत
शेंदूरजनाघाट : पावसाळ्यात संत्राबागांच्या बांधांवर गवत-झुडपे माजतात. अशाच झुडपांत ‘चिगर माइट’ या सूक्ष्म जिवाच्या अळ्या असू शकतात. त्यांच्या चाव्यातून ‘स्क्रब टायफस’चा जिवाणू शरीरात शिरतो. २०१८ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर परिसरात या तापाने बळी घेतले होते.

हा जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात वाढतो. त्याच्याशी लढताना रोगप्रतिकारक यंत्रणा दाह निर्माण करते आणि वाहिन्या पाझरू लागतात. फुप्फुसे, मूत्रपिंडेच नव्हे, तर मेंदूही या दाहात सापडतो. रुग्ण असंबद्ध बरळतो. घरच्यांना मात्र ते तापातले बरळणे वाटते. ही दिरंगाई जीवघेणी ठरू शकते. चाव्याच्या जागी काळी खपली धरते, पण ती दुखत नाही, बहुधा काखेत वा जांघेत दडलेली असते आणि प्रत्येक रुग्णात आढळतेच असेही नाही. त्यामुळे बागेत काम केल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगितलेले बरे. डॉक्सीसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध वेळेत सुरू झाल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.