ओटीवरचे शासन : पोलीस पाटलाचे पद आणि त्याचे घर

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या राजमार्गाने खारपाड्याचा पूल ओलांडून पेणच्या दिशेने निघाले, म्हणजे वाटेत जिते हे गाव लागते. पनवेल-रोहे लोहमार्गावर याच नावाचे लहानसे स्थानकही आहे. रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, अशा गावांत रात्री-अपरात्री काही अघटित घडले, तर निरोप बहुधा प्रथम पोलीस पाटलाच्या घरी जातो. तेथे कचेरी नसते, पहारा नसतो. कोकणातील कोणत्याही घराला असते तशी ओटी असते, आणि आत मुलेबाळे निजलेली असतात.

प्रस्तुत लेखात या घराचा विचार करावयाचा आहे. पोलीस पाटलाच्या पदाची कायदेशीर रचना अभ्यासकांस परिचित आहे. परंतु हे पद धारण करणारा मनुष्य त्याच गावातील एक प्रपंची गृहस्थ असतो, आणि त्याच्या अधिकाराचे सामर्थ्य व त्या अधिकाराची मर्यादा या दोहोंचे मूळ त्याच्या गृहस्थपणातच आहे, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

इतिहासदृष्ट्या पाहता पाटीलकी ही व्यक्तीची नव्हे, तर घराण्याची होती. वतनी जमीन, हक्क व मानपान ही सारी घराकडे चालत. भाऊबंदांपैकी एकजण प्रत्यक्ष सेवा करी. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेची चिकित्सा आढळते. इंग्रजी अमदानीत १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पाटलाची पोलीसविषयक कर्तव्ये निश्चित झाली, तर १८७४ च्या वतन कायद्याने ती सेवा कोणत्या घराण्यांकडे राहावी याचे नियमन झाले. कोकणातील स्थिती मात्र काहीशी निराळी होती. खोती गावांत वसुलीची सत्ता खोताच्या हाती असल्यामुळे देशावरील पाटलाइतके येथील पाटलाचे प्रस्थ नव्हते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात कुळांनी जो संप केला, तो खोताविरुद्ध होता, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

स्वातंत्र्यानंतर ही वंशपरंपरा मोडण्यात आली. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद रद्द झाले आणि त्याचे काम तलाठ्याकडे गेले. पोलीस पाटलाचे पद तेवढे राहिले. पण १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने त्याचे स्वरूप पालटले. आता नेमणूक घराण्याची नव्हे, तर व्यक्तीची होऊ लागली. उमेदवार पंचवीस ते पंचेचाळीस वर्षे वयाचा, स्थानिक रहिवासी व शिक्षणाची विहित अट पुरी करणारा असावा लागतो. नेमणूक मुदतीची असते, ती वेळोवेळी वाढविता येते, आणि वयाच्या साठाव्या वर्षी सेवा संपते. स्त्रियाही या पदावर नेमल्या जातात.

तथापि १९६८ च्या सेवाशर्तींतील एक तरतूद विशेष विचारणीय आहे. पोलीस पाटलास गावात शेती करता येते, स्थानिक व्यापार-उदीम करता येतो. मात्र अन्यत्र पूर्ण वेळेचा व्यवसाय त्यास करता येत नाही. जिते गावापुढे ही अट ठेवून पाहिली, म्हणजे तिचा अर्थ ध्यानी येतो. लोहमार्ग व राजमार्ग या दोहोंमुळे अशा गावातील माणसास पनवेल-मुंबईची नोकरी हाताशी असते. शेजारी सकाळच्या गाडीने कामास जातो. पोलीस पाटलाने मात्र गावातच राहावयाचे. त्याने भातशेती करावी, दुकान चालवावे, किंवा पेण-हमरापूर परिसरात ठिकठिकाणी आहेत तसा गणेशमूर्तींचा कारखाना काढावा. २०२४ साली शासनाने त्याचे मानधन दरमहा १५,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला. तत्पूर्वी ते ६,५०० रुपये होते. या पदास मानधन आहे, वेतन नाही. अर्थात पदाचा खरा खर्च घरच सोसते. कायद्याने घराण्याचा हक्क काढून घेतला. घराचा भार मात्र तसाच राहू दिला.

कर्तव्यांची व्याप्ती मोठी आहे. गुन्ह्यास प्रतिबंध करणे, गुन्हेगारांचा छडा लावण्यास साह्य करणे, सार्वजनिक शांततेस बाध आणणाऱ्या गोष्टींची वार्ता कळविणे, हुकूम व वॉरंटे बजावणे ही कामे तर आहेतच. पण गावातील लोकांचे आरोग्य व सर्वसाधारण स्थिती यांविषयी दंडाधिकाऱ्यास माहिती देत राहणे हेही कायद्याने त्याच्याकडे सोपविले आहे. ही तरतूद केवळ औपचारिक नाही. याच जिल्ह्यात २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे आणि १९ जुलै २०२३ रोजी इरशाळवाडी येथे दरड कोसळून वस्त्या गाडल्या गेल्या. अशा वेळी कोणत्या घरी किती माणसे होती, कोण त्या रात्री परगावी गेले होते, हे सांगू शकणारा मनुष्य नोंदवहीपेक्षा अधिक मोलाचा असतो. ते ज्ञान लग्नकार्यांत, शेताच्या बांधावर व ओटीवरच्या बैठकीत मिळते. शेजारधर्म आणि शासनाची माहिती यांचा झरा येथे एकच आहे.

अडचणही नेमकी येथेच उत्पन्न होते. ग्रामाधिकाऱ्याने कोणत्या गोष्टींची खबर दिलीच पाहिजे, याची यादी फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे. १८९८ च्या संहितेतील कलम ४५, १९७३ च्या संहितेतील कलम ४० आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ३४, असा या तरतुदीचा प्रवास आहे. चोरीचा माल घेणाऱ्याचे वास्तव्य, अजामीनपात्र गुन्हा, संशयास्पद मृत्यू इत्यादी बाबी तीत येतात. आप्तस्वकीयांचा अपवाद तीत नाही. सुनेचा संशयास्पद मृत्यू झालेले घर पाटलाच्या चुलतभावाचे असले, तरी वर्दी त्यानेच द्यावयाची. दिली तर भाऊबंदकीत कायमची तेढ पडते. न दिली तर पदाशी द्रोह होतो, आणि जिच्या बाजूने बोलणारे गावात कोणी नाही, तिचा न्याय बुडतो.

यापेक्षाही सूक्ष्म प्रश्न कबुलीजबाबाचा आहे. पोलीस अधिकाऱ्यापाशी दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असा १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ चा नियम होता. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही तो कायम आहे. आता एखादा तरुण हातून घडू नये ते घडल्यावर रात्री ओटीवर येतो आणि ‘काका, माझ्या हातून असे झाले’ म्हणून रडतो. ही कबुली चुलत्यापाशी झाली, की पोलिसापाशी? पोलीस पाटील हा या कलमाच्या अर्थाने पोलीस अधिकारी ठरतो काय, हा वाद एकोणिसाव्या शतकापासून मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेला आहे. वरवर तांत्रिक दिसणाऱ्या या वादात पदाचे सारे द्वैत साठलेले आहे. त्या माणसावर तरुणाने विश्वास ठेवला तो नात्यामुळे. परंतु ऐकणाऱ्याचे कर्तव्य नात्याने ठरत नाही.

तुलनेसाठी जपानमधील ‘चूझाइशो’ या संस्थेचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे ग्रामीण भागातील पोलीस शिपाई चौकीला जोडलेल्या घरात कुटुंबासह राहतो. तो गस्तीवर असता येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस त्याची पत्नी करते, आणि या साह्याबद्दल कुटुंबास भत्ता देण्याची पद्धत आहे. तेथे शासन आपल्या पोलिसाचे घर गावात नेऊन वसविते. आपल्याकडे शासन गावातील घर आपल्या कामासाठी उसने घेते. पाटलाच्या गैरहजेरीत निरोप घेणारी, ठाण्याच्या माणसांना चहापाणी करणारी आणि वर्दी दिल्यानंतर पाणवठ्यावर शेजारणींचा अबोला सोसणारी गृहिणी मात्र आपल्या कोणत्याही अधिनियमात दिसत नाही.

२००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समितीत पोलीस पाटलास स्थान मिळाले, तेव्हा त्याचे मध्यस्थाचे रूप शासनाने जणू मान्य केले. परंतु तंटा मिटविणे व गुन्हा कळविणे ही कर्तव्ये निराळी आहेत, आणि कोठे पहिले संपून दुसरे सुरू होते, हा निर्णय आजही त्या एकट्या गृहस्थाच्या विवेकावर सोडलेला आहे.

तात्पर्य, या पदाचा अभ्यास केवळ अधिनियमांच्या आधारे पुरा होणार नाही. वर्दी किती आल्या, याबरोबरच त्या देताना घराने काय गमावले, हेही पाहिले पाहिजे. जिल्हा-तालुक्यांच्या दप्तरांत पहिल्याचे उत्तर मिळेल. दुसऱ्यासाठी संशोधकास ओटीवर जाऊन बसावे लागेल, आणि पाटलाइतकेच माजघरातील माणसांचेही ऐकून घ्यावे लागेल.