दुसरी गिटार घेताय? सगळीकडे चालेल अशी घ्या!

अकरावीत असताना घेतलेली साधी अकूस्टिक गिटार आता पुरेनाशी झालीय? बोटं पळतायत, बार कॉर्ड नीट वाजतायत, पण स्टेजवर गेलं की तिचा आवाज ढोलकी आणि कीबोर्डच्या मागे कुठेतरी हरवतो. माइक जवळ नेला की शिट्टी मारते. मग रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर इलेक्ट्रिक गिटारींचे व्हिडिओ बघणं सुरू होतं. आणि घरात विषय काढला की ठरलेला प्रश्न येतो, ‘आता हिका काय झाला?’

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात कितीतरी मुलं सुट्टीत होमस्टेवर, हॉटेलात, बोटींवर काम करून पैसे साठवतात. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत पर्यटकांच्या बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद, म्हणजे ती कमाईही बंद. असे हंगामाचे साठवलेले पैसे एका वस्तूवर घालायचे, तर ती वस्तू पुढची चार-पाच वर्षं कामाला यायला हवी. म्हणून ‘सगळ्यात भारी गिटार कुठली?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘मला कुठे कुठे वाजवायचंय?’ इथून सुरुवात करा.

मोठ्या शहरात एखादा गिटारवाला फक्त मेटल वाजवतो, दुसरा फक्त जॅझ. आपल्याकडे ती चैन नाही. तोच मुलगा किंवा तीच मुलगी पावसाळ्यात मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात पाश्चात्त्य वाद्यवादनाला उभी राहते, गणपतीत ऑर्केस्ट्राला साथ करते, डिसेंबरमध्ये चर्चच्या कॅरोलला वाजवते आणि जानेवारीत गॅदरिंगला रॉक. मध्येच एखाद्या रिसॉर्टवर जुनी हिंदी गाणी. एकाच गिटारीने हे सगळं निभवायचं असेल तर ती अष्टपैलूच हवी. आता अष्टपैलू म्हणजे नेमकं काय, ते बघू.

आधी जुनीची परीक्षा

नवी घेण्यापूर्वी जुन्या गिटारीवर नव्या तारा चढवा आणि कुणा जाणकाराकडून तिचं सेटिंग करून घ्या. तारा फ्रेटबोर्डपासून खूप उंच असतील, तर तुम्ही आजवर दुप्पट जोर लावत होतात. तारा खाली आल्यावर तीच गिटार हलकी वाटते आणि खर्च काहीशे रुपयांत भागतो. एवढं करूनही आवाज पोचत नसेल, सोलो वाजवताना वरच्या फ्रेटपर्यंत हात जात नसेल, बँडमध्ये वेगवेगळे टोन लागत असतील, तरच दुसरी गिटार ही खरी गरज आहे.

सगळा खेळ पिकअपचा

इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज मुख्यतः तारांखालच्या पिकअपमधून येतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. पोलादी तार कंप पावली की या वेटोळ्यात सूक्ष्म वीज तयार होते आणि अँप्लिफायर ती वाढवतो.

एकच वेटोळं असेल तो सिंगल कॉइल. त्याचा आवाज स्वच्छ, काचेसारखा, थोडा टोकदार. फेंडरची १९५४ साली आलेली स्ट्रॅटोकास्टर असे तीन पिकअप घेऊन आली. पण सिंगल कॉइल हा एका अर्थी अँटेनाच असतो. आसपासच्या विजेच्या वायरिंगची गुणगुण तो उचलतो. ट्यूबलाइट, लायटिंगच्या माळा, डिमर आणि बाजूला धडधडणारा जनरेटर असा आपला मंडप म्हणजे त्याची कसोटीच!

यावर तोड निघाली १९५५ साली. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडून एक पिकअप बनवला. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध येते आणि एकमेकींना खोडते, तारांचा आवाज मात्र जोडला जातो. गुणगुण मारणारा म्हणून तो हंबकर. त्याचा आवाज जाड, भरदार. डिस्टॉर्शन लावून रॉक वाजवायचं तर हाच लागतो.

आता दोन्ही हवेत, तर? मानेकडे आणि मध्ये सिंगल कॉइल, ब्रिजजवळ हंबकर अशी मांडणी शोधा. दुकानदार तिला ‘एचएसएस’ म्हणतात. पाच खटक्यांच्या स्विचवर कॅरोलचे स्वच्छ कॉर्डही निघतात आणि गॅदरिंगचा सोलोही. गंमत म्हणजे सुरुवातीच्या स्ट्रॅटोकास्टरला तीनच खटके होते. वादक स्विच मध्येच अडकवून दोन पिकअपचा मिश्र आवाज काढायचे. फेंडरने पाच खटक्यांचा स्विच दिला तो थेट १९७७ मध्ये.

काही गिटारींत आणखी एक सोय असते, कॉइल स्प्लिट. नॉब ओढून वर केला की हंबकरचं एक वेटोळं बंद होतं आणि तो सिंगल कॉइलसारखा वाजतो. आवाज किंचित कमी होतो, गुणगुणही परत येते, पण एक वेगळा टोन हाती लागतो. यामाहाची १९९० पासून चालत आलेली पॅसिफिका मालिका या मांडणीचं सर्वपरिचित उदाहरण. तिच्या ११२व्ही मॉडेलमध्ये कॉइल स्प्लिट आहे, स्वस्तातल्या ०१२ मध्ये नाही. स्क्वायर आणि आयबानेझ यांच्याकडेही एचएसएस गिटारी मिळतात. एका कंपनीच्या प्रेमात न पडता दोन-तीन वाजवून बघा.

पेटी हलणार नाही, गिटारीलाच हलावं लागेल

हा मुद्दा बाहेरच्या व्हिडिओंत सापडणार नाही, पण आपल्याकडे महत्त्वाचा आहे. भजनाला किंवा सुगम संगीताला साथ करायला बसलात की बुवा म्हणणार, ‘काळी एक.’ म्हणजे सी शार्प. काळी दोन म्हणजे डी शार्प. इंटरनेटवरचे कॉर्ड सी, जी, डीमध्ये असतात, बुवांची पट्टी तशी नसते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे आकार धरले की काळी एक मिळते, डीचे धरले की काळी दोन. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा बारीक आणि खाली असल्याने कॅपोशिवाय बार कॉर्ड धरून वाजवणंही सोपं जातं. बारीक म्हणजे किती, तर पहिली तार साधारण नऊ किंवा दहा, म्हणजे ०.००९ किंवा ०.०१० इंच.

दुसरी अडचण सुराची. पेटीचे सूर कारागिराने लावलेले असतात, ते स्टेजवर बदलता येत नाहीत. जुनी पेटी तुमच्या ट्यूनरपेक्षा किंचित चढी किंवा उतरी निघू शकते. अशा वेळी दोन मिनिटांत सगळी गिटार पेटीला मिळवून घ्यावी लागते. इथे ब्रिजचा प्रकार आडवा येतो. फ्लॉइड रोझसारख्या दोन्ही टोकांना तारा आवळणाऱ्या ट्रेमोलोवर हे काम फारच किचकट. त्यात एक तार तुटली की तरंगत्या ब्रिजमुळे उरलेल्या पाचही बेसूर. आणि त्याचे बारीक स्क्रू खाऱ्या हवेत गंजले, तर सोडवणं म्हणजे दिव्यच.

म्हणून पहिल्या इलेक्ट्रिक गिटारीला स्थिर ब्रिज बरा. साधा ट्रेमोलो असेल तर मागच्या स्प्रिंगा घट्ट करून ब्रिज अंगाला टेकवून ठेवा. सूर टिकतो आणि स्टेजवर तार तुटली तरी गाणं पूर्ण करता येतं.

खारी हवा आणि चार महिने पाऊस

किनाऱ्यावर गिटार सांभाळणं हे वेगळंच काम आहे. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, गिटारीला सोयीची असते ती ४५ ते ५५. त्यातल्या त्यात दिलासा असा, की इलेक्ट्रिक गिटारीचं भरीव, रंग-पॉलिश केलेलं अंग अकूस्टिकच्या पातळ फळीसारखं पटकन फुगत नाही. पण मान थोडी हलते आणि धातूचे भाग गंजतात.

उपाय साधे आहेत. वाजवून झालं की सुक्या सुती कापडाने तारा वरून आणि खालूनही पुसा. किनाऱ्यावर वाजवलं असेल तर ब्रिजही पुसा. गिटार भिंतीला उघडी टांगू नका, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. थोड्या महाग पडल्या तरी कोटिंग केलेल्या तारा आपल्या हवेत जास्त टिकतात. नॉब खरखरायला लागले तर इलेक्ट्रिकच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

सेटिंगही शिकून घ्या, कारण दर वेळी गिटार दुरुस्तीला बाहेरगावी पाठवणं परवडणारं नाही. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण २ मिलिमीटर आणि बारीक तार दीड मिलिमीटर उंच असली की हात सुखावतो. मानेतला ट्रस रॉड फिरवायचा तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

सगळे पैसे गिटारीवर उडवू नका

समजा तुमच्याकडे ३० हजार रुपये आहेत. ३० हजारांचीच गिटार घेतली तर ती वाजवणार कशावर? साधारण दोन तृतीयांश गिटारीला ठेवा. उरलेल्यात छोटा अँप किंवा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर, चांगली केबल, ट्यूनर, पट्टा, जाड बॅग आणि जादा तारांचे दोन सेट बसवा.

अँप की प्रोसेसर? आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत साउंडवाला मिक्सरची एक वायर हातात देतो आणि ‘लाव’ म्हणतो. इलेक्ट्रिक गिटार थेट मिक्सरला जोडली तर आवाज पातळ आणि कर्कश येतो, कारण तिच्या आवाजाला आकार देणारा अँप आणि स्पीकर मध्ये नसतो. अँपचा आणि स्पीकरचा आवाज तयार करून देणारा साधा प्रोसेसर असेल तर तोच मिक्सरला जोडता येतो आणि घरी हेडफोनवर सरावही होतो. अर्ध्या रात्री शेजाऱ्यांची झोपमोड नाही!

दुकानात काय बघाल?

पणजी, मडगाव किंवा कोल्हापूरला जाऊन प्रत्यक्ष वाजवून घेणं केव्हाही चांगलं. कुडाळ किंवा सावंतवाडीहून रेल्वेने मडगाव गाठता येतं. पुढे तक्रार घेऊन पुन्हा पुन्हा जाणं होणार नाही, तेव्हा पहिल्याच फेरीत एवढं तपासा:

• आधी सूर लावा आणि आवाज स्वच्छ ठेवून वाजवा. डिस्टॉर्शनमध्ये दोष लपतात.

• सहाही तारा प्रत्येक फ्रेटवर वाजवा. कुठे झणझण होते का, सूर मरतो का, ते ऐका.

• बाराव्या फ्रेटनंतर तार खेचून बघा. खेचता खेचता आवाज बंद पडला तर फ्रेट किंवा सेटिंग नीट नाही.

• बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळतात का, बघा.

• मानेच्या कडेवरून हात फिरवा. फ्रेटची टोकं बोचता कामा नयेत.

• स्विचचे पाचही खटके, सगळे नॉब आणि जॅक हलवून खरखर ऐका.

• पट्टा लावून दहा मिनिटं उभ्याने वाजवा. चार किलोंची गिटार दोन तासांच्या कार्यक्रमात खांद्याला कळते.

वापरलेली गिटार घेत असाल तर फ्रेट किती झिजलेत आणि ट्रस रॉड फिरतो का, एवढं जरूर बघा. सोबत गिटार वाजवणारा मित्र किंवा मैत्रीण न्या. तिने वाजवायचं, तुम्ही चार पावलं मागे जाऊन ऐकायचं.

अर्थिंग विसरू नका

हे शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचं. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा ब्रिज आणि केबलमार्फत अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अँपला अर्थिंग नसेल किंवा माइकच्या सिस्टीमचं वायरिंग चुकलेलं असेल, तर हातात तार आणि ओठ माइकला लागताच जोराचा शॉक बसू शकतो. पावसाळी मंडपात, ओल्या जमिनीवर हा शॉक जिवावर बेतू शकतो. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. अँप आणि साउंड सिस्टीम एकाच बोर्डावरून घ्या, लाइनला ईएलसीबी आहे का ते विचारा, आणि कार्यक्रमाआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. ओल्यात अनवाणी उभं राहून वाजवायचं नाही. आयोजक ‘काही होत नाही’ म्हणाले तरी आधी तपासणी, मग गाणं.

आता एक काम करा. येत्या वर्षात तुम्हाला नक्की वाजवायची आहेत अशी दहा गाणी कागदावर लिहा. भजन, कॅरोल, जुनं हिंदी, रॉक, जे असेल ते. प्रत्येकापुढे पट्टी आणि हवा असलेला टोन लिहा. तो कागद घेऊनच दुकानात जा आणि प्रत्येक गाण्याच्या चार ओळी तिथे वाजवा. दहापैकी आठ गाणी जिच्यावर मनासारखी वाजली, ती तुमची गिटार. मग तिचा रंग तुम्हाला हवा तो नसला तरी चालेल. आणि घरी ‘हिका काय झाला?’ असं विचारलं, तर तोच कागद पुढे ठेवा.