रस्ता आणि ट्रॅक, दोन्हीसाठी एकच ब्रेक पॅड चालेल का?

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मावसभावाचा फोन आला. "ताई, तू घर्षणावरच पीएच.डी. करतेस ना? मग एक चांगला ब्रेक पॅड सांग की."

तो नुकताच आपली रोजची हॅचबॅक घेऊन कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक-डेला जाऊन आला होता. ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त ट्रॅकवर आपलीच गाडी ठरावीक वेळ मनासारख्या वेगात चालवायची, एवढंच. पाचव्या लॅपला त्याने ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं कडक लागलं, पण गाडी थांबायचं नाव घेईना. वळण सुटलं आणि गाडी सरळ मातीत गेली. कुणाला काही झालं नाही.

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "शर्यतीचा पॅड बसव. सहाशे अंशांनाही त्याचं घर्षण टिकतं." त्याने बसवला. दोन आठवड्यांनी, डिसेंबरच्या एका थंड सकाळी, तो सोसायटीच्या उतारावरून चौकात आला. दिवसातला पहिलाच ब्रेक. गाडी थांबली, पण त्याच्या अंदाजापेक्षा हातभर पुढे. समोर स्कूटर होती आणि मागच्या सीटवर दप्तर घेतलेली लहान मुलगी. धक्का लागला नाही, पण ते ऐकल्यावर माझी झोप उडाली.

गंमत बघा, दोन्ही पॅड आपापल्या जागी चांगलेच होते. चूक माझ्या उत्तरात होती. "चांगला" म्हणजे कोणत्या तापमानाला चांगला, हे मी विचारलंच नव्हतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा किस्सा लक्षात ठेवावा असं मला वाटतं, म्हणून आज त्यामागचं विज्ञान नीट मांडते.

आधी उष्णतेचा हिशेब

ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलतो. गाडी आणि चालक मिळून १२०० किलो धरू. ट्रॅकवर वळणाआधी वेग ताशी १३० किमीवरून ६० किमीवर आणायचा आहे. 'अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग' हे सूत्र वापरलं की साधारण ६.१ लाख जूल येतात. जोरात ब्रेक लावला तर हे काम अडीच सेकंदांत होतं, म्हणजे सरासरी जवळपास २४५ किलोवॅट. अशा गाडीचं इंजिन ६०-६५ किलोवॅटचं असतं. म्हणजे ब्रेक इंजिनाच्या चौपट काम करतोय!

यातला सुमारे ७० टक्के भार पुढच्या दोन चाकांवर येतो. एका पुढच्या डिस्कच्या वाट्याला २.१ लाख जूल. डिस्क ५ किलोची, बिडाची (विशिष्ट उष्मा किलोमागे, अंशामागे अंदाजे ५०० जूल) धरली, तर एका ब्रेकमागे तापमान ८५ अंशांनी वाढतं. हाच हिशेब शहरात ताशी ४० किमीवरून थांबण्यासाठी केला, तर वाढ फक्त १० अंश.

शहरात दोन सिग्नलच्या मध्ये डिस्क थंड होते. ट्रॅकवर ती थंड व्हायच्या आत पुढचं वळण येतं. म्हणून रोजच्या वापरात डिस्क शंभर-दोनशे अंशांच्या आसपास राहते, तर ट्रॅकवर सहज चारशे-पाचशेच्या पुढे जाते. घाटाचा रस्ता या दोन्हींच्या मध्ये बसतो. ५०० मीटरचा उतार म्हणजे याच गाडीसाठी ५९ लाख जूल, म्हणजे वर सांगितलेले ट्रॅकवरचे नऊ-दहा ब्रेक. जुने ड्रायव्हर घाट खालच्या गिअरमध्ये उतरायला सांगतात, ते उगाच नाही.

पॅडच्या आत काय असतं?

पॅड म्हणजे एक मिश्रण. त्यात तंतू असतात, धातूची पूड असते, ग्रॅफाइटसारखे वंगण पदार्थ असतात, थोडे घासणारे कठीण कण असतात, आणि हे सगळं धरून ठेवायला बहुतेक वेळा फिनॉलिक रेझिन असतं. रस्त्यावरच्या पॅडमधलं हे रेझिन साधारण ३०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात विघटित होऊ लागतं. त्यातून वायू सुटतात, पृष्ठभाग बदलतो आणि घर्षण कोसळतं. यालाच 'फेड' म्हणतात. मावसभावाचं पाचव्या लॅपला हेच झालं.

मग शर्यतीचा पॅड थंडीत का फसला? घर्षण दोन प्रकारे होतं. एकात कठीण कण डिस्क खरवडतात. दुसऱ्यात पॅडच्या पदार्थाचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि मग पॅड त्या थरावर घासतो. दोन्ही पृष्ठभागांतले बंध सतत जुळतात आणि तुटतात, आणि त्यातून घर्षण मिळतं. शर्यतीच्या पॅडचा हा थर नीट तयार व्हायला आणि टिकायला भरपूर उष्णता लागते. थंड असताना असा पॅड नुसताच खरवडतो. त्यामुळे अशा अनेक पॅडना पहिल्या ब्रेकला पकड कमी असते, ते किंचाळतात, भरपूर धूळ करतात आणि बसलेला थरही खरवडून डिस्क लवकर झिजवतात. म्हणजे जो गुण ट्रॅकवर वाचवतो, तोच चौकात दोष ठरतो.

पॅडवरची दोन अक्षरं

अनेक पॅडच्या कडेवर 'एफएफ' किंवा 'जीजी' अशी जोडी छापलेली असते. हा अमेरिकेच्या एसएई संस्थेच्या पद्धतीतला घर्षणाचा संकेत. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर सामान्य तापमानाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेचं. वाटतं, झालं की काम! दुसरं अक्षर बघायचं आणि ट्रॅकचा पॅड घ्यायचा.

पण थांबा. ही चाचणी होते कशी? पॅडचा फक्त एक इंच लांब-रुंद तुकडा फिरत्या ड्रमवर दाबतात. पहिल्या अक्षरासाठीची मापं सुमारे ९३ ते २०४ अंशांदरम्यान घेतलेली असतात. दुसऱ्या अक्षराची मापं जास्तीत जास्त ३४३ अंशांपर्यंत जातात. ट्रॅकवरची डिस्क त्याच्या पुढे असते. म्हणजे जिथे खरा प्रश्न सुरू होतो, तिथे हे अक्षर गप्प आहे. दोन 'एफएफ' पॅड ५०० अंशांना एकमेकांपेक्षा अगदी वेगळे वागू शकतात. झीज, आवाज, धूळ यांबद्दल तर हा संकेत काहीच सांगत नाही. संकेत खोटा नाही, आपण त्याला त्याच्या मापाबाहेरचा प्रश्न विचारतोय.

पॅड गेला की ब्रेक ऑइल?

पॅड बदलण्याआधी निदान करायला हवं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर बहुधा पॅड फेड झालाय. पेडल मऊ पडून खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असावा लागतो. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर त्याच्यासाठी किमान मर्यादा उरते १५५ अंश. म्हणजे महागडा पॅड बसवला आणि ऑइल तीन वर्षांपूर्वीचंच, तर संकट फक्त जागा बदलतं. पॅड जास्त उष्णता सोसतो, पण ती उष्णता कॅलिपरमार्फत ऑइलपर्यंत पोहोचतेच.

मग घ्यायचं काय?

पुण्याहून कोइमतूर हजार-बाराशे किलोमीटर. तीच गाडी थंडीत, पावसात, गर्दीत चालवत न्यायची आणि तिनेच परत यायचं. वर्षातून एखाददुसरा ट्रॅक-डे आणि गाडी हलकी असेल, तर थोड्या वरच्या तापमानपट्ट्याचा रस्त्याचाच पॅड, ताजं ब्रेक ऑइल, आणि चार लॅपनंतर एक लॅप ब्रेक न तापवता सावकाश, हे पुरेसं ठरू शकतं. वारंवार जात असाल तर दोन संच ठेवा. रस्त्याच्या पॅडवर जा, ट्रॅकवर पोहोचल्यावर बदला, निघताना पुन्हा बदला. प्रत्येक बदलानंतर 'बेडिंग' करा. मोकळ्या, सुरक्षित जागी ताशी ८० किमीवरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, काही वेळा ब्रेक लावायचे, मग गाडी चालती ठेवून थंड करायची. कारण नव्या पॅडचा थर डिस्कवर नव्याने बसायला हवा. आणि डिस्क लाल तापलेली असताना पेडल दाबून उभं राहू नका. तिथे पॅडचा जाडसर डाग बसतो, मग ब्रेक थरथरतो आणि गॅरेजमध्ये सांगतात, "डिस्क वाकली." बऱ्याचदा ती वाकलेली नसते, तिच्यावरचा थर असमान झालेला असतो.

अंदाजावर राहायचं नसेल, तर ठरावीक तापमानाला रंग बदलणारा रंग मिळतो. डिस्कच्या कडेला त्याचे ठिपके लावायचे. एका दिवसात कळतं, आपली डिस्क नेमकी किती तापते ते. त्यानंतर पॅड निवडणं खूपच सोपं होतं.

मावसभावाने शेवटी दोन संच घेतले. रस्त्यावर त्याचे जुनेच पॅड आहेत.

आणि आपण?

घर्षणांक हा पॅडचा एकट्याचा गुणधर्म नाही. तो पॅड, डिस्क, मधला थर, तापमान, दाब आणि वेग या सगळ्यांचा मिळून असतो. हे मी पहिल्या वर्षी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, आणि फोनवर मात्र एका आकड्यावरून सल्ला दिला. म्हणून तुम्हाला एक सवय सुचवते. कुठल्याही शोधनिबंधात 'अमुक पदार्थ चांगला' असं वाक्य दिसलं की वहीत तीन प्रश्न लिहा. कोणत्या परिस्थितीत? मोजमाप कुठपर्यंत झालंय? आणि आपल्याला ते वापरायचंय कुठे? शेवटच्या दोन उत्तरांमध्ये अंतर दिसलं, तर समजा की काम तिथेच आहे. कदाचित तुमच्या संशोधनाचा विषयही.