वल्गना पुरेत, गोल हवेत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताने सिंगापूरविरुद्ध चौदाव्याच मिनिटाला आघाडी घेतली होती. मध्यंतरापूर्वी पाहुण्यांनी बरोबरी साधली, उत्तरार्धात आणखी एक गोल चढविला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार भारताला बंद झाले. जय-पराजय हा खेळाचा धर्मच आहे. गोमंतकीय प्रेक्षकाला तो कुणी शिकवावयास नको. आमचा आक्षेप पराभवास नाही. त्याआधी कित्येक महिने चाललेल्या वल्गनांस आहे.

जानेवारी २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०४७ सालापर्यंतचा आराखडा मोठ्या थाटात जाहीर केला. त्या सालापर्यंत भारत आशियातील पहिल्या चार संघांत जाऊन बसणार होता. त्याच वर्षी इंफाळ, भुवनेश्वर आणि बंगळूर येथे तीन चषक लागोपाठ हाती आले आणि जागतिक क्रमवारीत संघ ९९ व्या स्थानी पोहोचला. झाले! हे तिन्ही चषक स्वतःच्या अंगणात जिंकलेले होते, हे सांगण्याच्या मनःस्थितीत मग कुणीच उरले नाही. जानेवारी २०२४ मध्ये कतार येथे आशिया चषकाची स्पर्धा झाली. तेथे ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून भारत हरला आणि तीन सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही.

तरीही जिभेला लगाम बसला नाही. विश्वचषक पात्रता स्पर्धेची तिसरी फेरी गाठून दिली नाही, तर आपण स्वतःहून निघून जाऊ, असे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी मार्च २०२४ मध्ये बोलून दाखविले. त्याच महिन्यात गुवाहाटीला अफगाणिस्तानने भारताला २-१ असे नमविले. आणि तेही त्यांचे अनेक प्रमुख खेळाडू बहिष्कारामुळे संघाबाहेर असताना! जूनमध्ये कतारविरुद्ध रेषेबाहेर गेलेल्या चेंडूवरचा गोल पंचांनी ग्राह्य धरला. हा अन्याय झाला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या एका गोलाच्या आडोशाला गुवाहाटीचा पराभव लपविता येत नाही. पुढे प्रशिक्षक गेले ते स्वतःहून नव्हे. महासंघाने त्यांना काढले आणि मग भरपाईचा वाद उभा राहिला.

विराटाच्या अंतःपुरात बढाया मारणाऱ्या उत्तराची येथे आठवण व्हावी. पण त्या बिचाऱ्याने निदान स्वतः रथात पाऊल ठेवले होते. आमचे बोलघेवडे पत्रकार परिषदेत बोलतात आणि मैदानावर पाठवितात ते दुसऱ्यांना.

संघाची खरी दुखणी निराळीच आहेत. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, परत बोलवावे लागले. त्याने येताच गोल केला, याचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी? गोल करणारा दुसरा माणूस का तयार झाला नाही, याचे उत्तर क्लबांच्या आघाडीच्या फळीत पाहावे. तेथील मोक्याच्या जागा बहुतांशी परदेशी खेळाडूंकडे असतात आणि आपल्या मुलांना बाजूला उभे राहून त्यांना चेंडू पुरवावा लागतो. २०१६ साली महासंघाच्या नव्या योजनेच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन गोमंतकीय क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपोने तर पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेले! ज्या क्लबांनी गावोगावचे खेळाडू घडविले, त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत टिकवून धरणे ज्यांना जमले नाही, त्यांनी आशियाच्या शिखराची भाषा करावी, हे धाडसच म्हटले पाहिजे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तर कळस झाला. देशातील अव्वल लीगचे व्यापारी हक्क घेण्यास एकही बोली आली नाही. त्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० असे हरविले. बांगलादेशाकडून हार पत्करण्याची ही २००३ नंतरची पहिलीच वेळ. क्रमवारीत संघ १४२ व्या स्थानी घसरला.

महासंघाने यापुढे २०४७ चे नाव काही काळ घेऊ नये, अशी आमची सूचना आहे. पुढच्या पत्रकार परिषदेत त्यांनी दोनच गोष्टी सांगाव्यात: सतरा वर्षांखालील मुलाला वर्षाकाठी किती सामने खेळावयास मिळतात आणि लीगमधील किती क्लबांत भारतीय आघाडीवीर नियमितपणे मधोमध खेळतो.