कमरेचा चाकू: शोध कुठे थांबतो?

मंडळी, दुधनीकडे मधुबनच्या पाण्यात जाळं टाकायचं तर चाकू लागतोच. पण बरेच जण दर हंगामाला नवा घेतात, आणि तोही मनासारखा नसतो.

घेताना एकच प्रसंग डोळ्यांसमोर आणा. होडी कलंडली, तंगूस पायात गुंतलं, एक हात काठाला. उरलेल्या ओल्या हाताने चाकू निघाला पाहिजे. फ्रान्सचा ओपिनेल १८९० पासून नावाजलेला, फळं चिरायला झकासच! पण तो घडीचा, आणि लाकडी मूठ भिजून फुगली की पातं उघडता उघडत नाही. आपल्याला न मिटणारा, म्यानातला बरा. स्वीडनच्या मोरा गावचे असे चाकू प्रसिद्ध आहेत, पण ओळखीच्या लोहाराकडून करून घेतलेलाही चालेल. पातं ९-१० सेंटीमीटर पुरे. टोक बोथट हवं, नाहीतर डोलत्या होडीत ते आपल्याच मांडीत घुसायचं.

दमणच्या खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच घ्या, तोही गोड्या पाण्याने धुवा. धरणात साधं पोलाद चालतं. दगडावर पटकन धार घेतं, फक्त रोज पुसून तेलाचं बोट फिरवायचं. करवतीसारखे दाते जाड दोर भराभर कापतात, पण त्यांना घरी धार लावणं कठीण. तंगूसाला साधी धार पुरते.

म्यान पोटाशी बांधा, दोन्ही हात पोचतील असं. मूठ केशरी किंवा पिवळी घ्या; काळी मूठ होडीच्या तळातल्या चिखलात दिसत नाही.