खांब टिकतो, कापड फाटते

मार्च 2017 मध्ये अटारी सीमेवर 360 फूट उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला आणि त्यावरचा 120 बाय 80 फुटांचा तिरंगा पहिल्या काही आठवड्यांतच वाऱ्याने वारंवार फाटला. अशा वेळी बोल लागतो तो शिलाईला किंवा कंत्राटदाराला. खरे कारण भौतिकशास्त्रात आहे. वाढती उंची पोलाद पेलते, कापडाला ती पेलवत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि जमिनीपासून वर जावे तसा वारा वेगवान होत जातो. त्यात उंच खांबावर लहान झेंडा दिसेनासा होतो, म्हणून कापडही मोठे घ्यावे लागते. उंची आणि झेंड्याची लांबी-रुंदी दुप्पट केली, तर वारा तेवढाच धरला तरी झेंड्यामुळे पायथ्याशी खांबाला वाकवणारा जोर आठपट होतो. खांब खाली जाड आणि वर निमुळता करून, पाया खोल नेऊन अभियंते यातून वाट काढतात. फडकणाऱ्या कापडाला मात्र अशी वाट नाही. कापडाला जरा बाक आला की फुगीर बाजूवरचा दाब कमी होतो, बाक आणखी वाढतो आणि ही लाट मोकळ्या कडेपर्यंत धावते. तिथे कापड चाबकासारखे फटकारते, म्हणूनच झेंडा बहुधा मोकळ्या कडेकडून उसवतो.

पॉलिएस्टरने हा प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. डिसेंबर 2021 मधील दुरुस्तीनंतर ध्वजसंहितेलाही ते चालते. हलके कापड मंद वाऱ्यातही उलगडते, हे खरेच. पण सोसाट्याच्या वाऱ्यात टिकायचे तर ते जाड हवे, आणि जाड कापड मंद वाऱ्यात लोंबत राहते. भव्यतेने अभिमान जागतो, हा दुसरा आक्षेप मला मोलाचा वाटतो. कोल्हापूरच्या 303 फुटी स्तंभाकडे पाहणाऱ्यांची भावना खोटी नाही. पण ध्वजसंहितेतील प्रमाणित आकारांत सर्वात मोठा 6.3 बाय 4.2 मीटरचा आहे. अटारीच्या त्या झेंड्याचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे 34 पट भरते. शिवाय फाटका ध्वज फडकवायला हीच संहिता मनाई करते. 2023 मध्ये अटारीला 418 फुटांचा स्तंभ आला. आपल्या गावात असा स्तंभ उभारायचा ठराव येईल, तेव्हा नगरसेवकांनी उंचीआधी कापड बदलण्याचा वार्षिक खर्च मंजूर करावा. तो झेपत नसेल, तर खांब बुटका ठेवावा.