घरातली यंत्रे, लेखांक ९ : संगणकातले विजेचे आवाज

गेल्या लेखांकात आपण पंखे आणि हार्ड डिस्क या फिरणाऱ्या भागांचे आवाज ओळखायला शिकलो. आज वळू या न फिरणाऱ्या भागांकडे. कॅबिनेटमध्ये जिथे काहीच हलताना दिसत नाही, तिथूनही शिट्टी, घुमणे, टक् किंवा तडतड ऐकू येते. यातले बहुतेक आवाज निरुपद्रवी असतात, पण एखादा असा असतो की लगेच प्लग काढायला हवा. हे ओळखण्यासाठी आवाज कुठून येतो एवढेच पाहून भागत नाही. तो कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर थांबतो, हे आधी पाहावे.

सर्वांत जास्त तक्रार असते ती बारीक, तीक्ष्ण शिट्टीची. तिला कॉइल व्हाइन म्हणतात. प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डाला साधारण १ व्होल्ट लागतो, पण एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, येतात १२ व्होल्ट. हा दाब उतरवणारे मंडल सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होते आणि त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. प्रवाह बदलला की चुंबकीय बलाने वेटोळे आणि त्याचा गाभा सूक्ष्म थरथरतात. आता माणसाचा कान ऐकतो फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत. मग लाखांतली थरथर ऐकू येते कशी? ती येतच नाही. ऐकू येते ती कामाच्या ओझ्यातली चढउतार, कारण ती कानाच्या टप्प्यात पडते. सिरॅमिक कपॅसिटरही व्होल्टेज बदलले की किंचित आकुंचन-प्रसरण पावतात आणि बोर्डाला कंपवतात.

म्हणून चाचणी सोपी आहे. सेटिंगमधून पंख्यांचा वेग थोडा वेळ बदलून पाहा. शिट्टी तशीच राहिली, पण गेम सुरू करताच तिचा सूर बदलला, तर संशय ग्राफिक्स कार्डावर घ्या. गेमच्या साध्या मेनूत ती सर्वांत मोठी होते, कारण तिथे कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत सुटते. फ्रेमची मर्यादा ६० वर आणा. आवाज विरला तर निदान पक्के झाले. या शिट्टीने कार्ड बिघडत नाही.

दुसरा आवाज खालच्या पट्टीतल्या घुमण्याचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात चुंबकीय ओढ दोनदा वाढते, म्हणून ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झने घुमतो. हा आवाज बहुधा यूपीएसचा असतो, संगणकाचा नव्हे. फक्त बॅटरीवर चालताना एसएमपीएस गुरगुरत असेल, तर यूपीएसची वीज साइन वेव्ह नसून पायऱ्यापायऱ्यांची असण्याची शक्यता मोठी. वीज आलेली असताना संगणक बंद करून प्लग थेट भिंतीच्या सॉकेटला लावा आणि पुन्हा सुरू करा. गुरगुर गेली, तर एसएमपीएस बदलण्यावर खर्च करू नका. प्युअर साइन वेव्ह यूपीएसचा विचार करा.

तिसरा आवाज टक्. चालू किंवा बंद करताना एकदाच टक् झाले, तर तो अनेक एसएमपीएसमध्ये असणारा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो. विजेचा दाब वरखाली झाला की यूपीएसचा रिलेही वाजतो. पण टक् होऊन संगणक सुरू होतो, लगेच बंद पडतो आणि हेच चक्र चालू राहते, तेव्हा एसएमपीएस स्वतःचे संरक्षण करत असू शकतो. कुठेतरी शॉर्ट असेल किंवा एसएमपीएस थकला असेल. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, दुरुस्तीला द्या.

चौथा आवाज मात्र गंभीर आहे. तडतड, चरचर, सोबत जळका वास किंवा गरम झालेला प्लग, म्हणजे सैल जोडणीत ठिणगी पडते आहे. भिंतीवरचे बटण बंद करा, मगच प्लग काढा. बटण किंवा सॉकेटच तापले असेल, तर त्याला हात न लावता मेन स्विच बंद करा. सैल सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. एसएमपीएस घरी उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

शेवटचे लक्षण हाताला जाणवते. कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावले की झिणझिण्या येतात आणि स्पीकरही घुमतो, अशा वेळी अर्थिंग तपासायलाच हवे. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसले की त्यांच्यामुळे पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्टचा दाब दिसू शकतो. प्रवाह एरवी अगदी थोडा असतो, पण आत खरा बिघाड झाला तर जीव वाचवणारी वाट अर्थिंगचीच असते. अनेक घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. या आठवड्यात आपल्या संगणकाच्या सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून जरूर तपासून घ्या.